अप्पांनी थांबवलेली फेरी

हुमनाबादच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मालक दुसरे होते, पण शिकवायचे मी, कुलूप काढायचे मी, झाडून घ्यायचे मी आणि भांडायचेही मीच. भांडकुदळ म्हणून माझं नाव गल्लीभर झालं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मी मेंढपाळाच्या घरातली. आमच्याकडे हळू बोलणाऱ्याचं ऐकायला कोणी थांबत नाही, मेंढ्या तर मुळीच थांबत नाहीत.

पेनड्राइव्ह त्या दिवसांत नवा नवा आला होता. चिटगुप्प्याहून, भालकीकडून एसटीला लोंबकळत येणारी पोरं तो फितीला अडकवून गळ्यात घालायची आणि जावयाच्या थाटात वर्गात शिरायची. ज्याच्या गळ्यात पेनड्राइव्ह त्याचा रुबाब, आणि रुबाब टिकवायचा तर तो दुसऱ्याला वापरायला द्यायचा. मागितलेल्या वस्तूला नाही म्हणणं आमच्या भागात फार वाईट दिसतं. पाणी मागितलं की तांब्या भरून येतो, तंबाखू मागितली की चंची उघडते. पेनड्राइव्हचंही तसंच झालं. दिवसभर तो या हातातून त्या हातात फिरायचा आणि संध्याकाळी मालकाच्या गळ्यात परत यायचा.

एका सकाळी मी क्लास उघडला, कॉम्प्युटर सुरू केले आणि बघते तर प्रत्येक फोल्डरच्या पोटात त्याच नावाचा आणखी एक फोल्डर. पोरांनी परीक्षेसाठी केलेलं काम गायब. एक मुलगी तर तिथंच रडायला लागली. तिचं लग्न ठरलं होतं, आणि परीक्षा झाल्याशिवाय मांडवात उभी राहणार नाही, असं तिनं घरी निक्षून सांगितलं होतं. मी तिला गप्प केलं, दार आतून लावलं आणि शोधत बसले. दुपारपर्यंत छडा लागला. खरे फोल्डर गेले नव्हते, दडवून ठेवले होते. समोर दिसत होतं ते फोल्डरचं पिवळं चित्र पांघरून बसलेलं भलतंच काहीतरी होतं. माणूस आपलाच फोल्डर समजून त्यावर बोट दाबायचा आणि आपल्याच हातानं त्या व्हायरसला जागं करायचा. आमचे सगळे कॉम्प्युटर वायरीनं एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एकाला झालं ते सगळ्यांना झालं. पोरांचं काम मी परत मिळवून दिलं, आणि त्या मुलीनं परीक्षा देऊनच हळद लावून घेतली.

पण हे आलं कुठून, ते कळल्याशिवाय मला चैन पडेना. विचारत विचारत माग निघाला. एका पोराच्या बहिणीचं लग्न झालं होतं. लग्नाचे फोटो त्यानं फोटो स्टुडिओतून पेनड्राइव्हमध्ये आणले होते आणि हौसेनं सगळ्यांना दाखवले होते. मी तडक स्टुडिओ गाठला. स्टुडिओवाला बिचारा चहा सांगायला निघाला.

"मॅडम, माझ्या मशीनला रोग? वाऱ्यावानी पळायलंय की ते. रोग असता तर बंद पडलं नसतं का?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याचं मशीन खरंच झकास चाललं होतं. मी त्याच्या खुर्चीत बसून त्याला सगळं दाखवलं, तेव्हा बिचाऱ्याचा चेहरा उतरला. गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो त्याच्याकडून गेले होते.

मग मी एक काम केलं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. क्लासातला सगळ्यात जुना, खोकत चालणारा कॉम्प्युटर उचलून दाराशी ठेवला आणि त्याची वायर बाकीच्यांपासून तोडली. बाहेरून येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी त्याला लावायचा, तपासून घ्यायचा आणि मगच आत न्यायचा. हमरस्त्यावरचं गाव आमचं, लॉरीवाल्यांची पोरंच जास्त, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्या कॉम्प्युटरचं नाव पडलं चेकपोस्ट.

ही युक्ती मी पुस्तकातून घेतली नव्हती. अप्पा, म्हणजे माझे वडील, बाजारातून आणलेली मेंढी कधीच सरळ कळपात सोडत नसत. तिला लांब बाभळीखाली बांधायचे, तिचं पाणी वेगळं, चारा वेगळा. ती तिकडून ओरडायची आणि कळप इकडून ओरडायचा. आई, जिला आम्ही अव्वा म्हणतो, कळवळून सांगायची, "सोडा की हो, जीव तुटायलाय तिचा." अप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांच्या वडिलांनी तसं केलं म्हणून ते करायचे, कारण विचारलं तर त्यांना सांगता आलं नसतं. मी फक्त मेंढीच्या जागी पेनड्राइव्ह बांधला.

व्हायरस हा शब्द मात्र आमच्या घरी माझ्या क्लासातून गेला नाही. तो आला तापाबरोबर. त्याच सुमाराला आमच्या भागात चिकुनगुनिया घरोघरी फिरला होता. ताप उतरायचा, पण सांधे धरायचे ते धरायचेच. धडधाकट माणसं भिंतीला धरून चालू लागली. तपासायला आलेल्या आरोग्य खात्याच्या माणसांनी आमच्या रांजणात वाकून पाहिलं, पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या आणि रांजण पालथा केला. अव्वाला ते फार लागलं. "माझ्या घरचं पानी सांडायलेत," असं ती शेजारणीला सांगत होती. हा व्हायरस आहे आणि तो डास पोचवतो, असं त्यांनी अप्पांना समजावलं. पुढं माझ्या कॉम्प्युटरलाही व्हायरस झाल्याचं मी सांगितलं, तेव्हा अप्पा सुजलेले गुडघे चोळत खोखो हसले. "त्याला बी डास चावला काय, माय?"

आता मानाची गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

भालकी तालुक्यात मेहकरच्या बाजूला आमचं गाव. गावाबाहेर माळावर बिरप्पाचं देऊळ आहे. दिवाळी झाली, हरभऱ्याची पेरणी उरकली की तिथं जत्रा भरते. आजूबाजूच्या गावांतले सगळे मेंढ्यांचे कळप त्या दिवशी माळावर येतात, आणि ढोल वाजू लागले की देवळाभोवती फेरी धरतात. वरून भंडाऱ्याची नुसती उधळण. हळदीनं मेंढ्या पिवळ्या, माणसं पिवळी, माळ पिवळा. फेरीत सगळ्यात पुढे मानकऱ्याचा एडका, म्हणजे नर मेंढा, पळतो, त्याच्यामागं मानकऱ्याचा कळप, मग बाकीचे. मानकऱ्याचा एडका निघाल्याशिवाय दुसऱ्या कोणाची मेंढी पाऊल टाकत नाही. हा मान घरोघर पाळीनं फिरतो, आणि घरं इतकी आहेत की माणसाला जन्मात एकदाच मिळतो. कित्येकांना तर पाळीची वाट बघता बघताच जावं लागतं.

फेरीच्या आधी पुजारी देवळाच्या पायरीवर उभे राहून आजवरच्या मानकऱ्यांची नावं पुकारतात. बापाच्या नावासकट, अगदी जुन्यापासून. "अमक्यानं फेरी काढली!" असं म्हणायचं, की सगळा माळ "चांगभलं!" म्हणून गरजतो. कुठं काही लिहिलेलं नाही, सगळं त्यांच्या तोंडात आहे. त्यात माझ्या आजोबांचं नाव होतं. ते नाव आलं की अप्पांची मान ताठ व्हायची, आणि लहानपणी मी त्यांच्या खांद्यावरून ती ताठ होताना पाहिलेली आहे.

त्या साली पाळी अप्पांची होती.

त्यांनी त्यासाठी एक काळा एडका खास वाढवला होता. शिंगं अशी वळलेली, की लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे. अव्वानं स्वतः लोकर कातून त्याच्यासाठी झूल विणून घेतली होती. अप्पा एरवी अबोल, पण त्या दिवसांत भालकीच्या बाजारात कोणी साधं "कसं हाय?" विचारलं तरी ते फेरीचंच सांगत बसायचे.

दिवाळीच्या तोंडावर औरादकडून मामाचा निरोप आला, की त्याच्या मेंढ्यांना आई आली. आमच्यात मेंढ्यांच्या देवीला रोग म्हणत नाहीत, आई आली म्हणतात. ताप येतो, नाक गळतं, तोंडावर आणि शेपटीखाली फोड उठतात, कोकरं तर पटापट जातात. पण ती आई आहे, म्हणून तिचा मान ठेवायचा. नातेवाईक दहीभात आणि लिंबाचा पाला घेऊन त्या कळपाकडे जातात, आजारी मेंढ्यांना आपल्या हातानं हळदकुंकू लावतात, त्याच घोंगडीला हात पुसतात आणि घरी येऊन आपल्या कोकरांना पोटाशी धरतात. जो जात नाही, त्याला पुढं नावं ठेवतात. अव्वानंही दही विरजून ठेवलं होतं. सख्ख्या भावाचं घर, ती जाणारच.

तेवढ्यात जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर आमच्या वस्तीवर आले. खांद्याला बर्फाचा डबा, त्यात लस. दिवसभर उन्हात त्यांनी आमच्या मेंढ्या टोचल्या आणि मग बाजेवर बसून ताक पीत सांगितलं, की मामाच्या कळपानंतर ज्या ज्या कळपात देवी आली, त्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी दहीभात घेऊन मामाकडे जाऊन आलं होतं.

"समदे मायेनं गेलते हो," ते म्हणाले. "कुणाचं काय चुकलं म्हनावं?"

मी रविवारची घरी आले होते, दारात उभी राहून ऐकत होते. मला लग्नाचे फोटो आठवले. कॉम्प्युटरचा असो की मेंढीचा, हा व्हायरस भांडणातून काही पसरत नाही. तो उसनं देण्याघेण्यातून, भेटीगाठीतून, समाचाराला जाण्यातून पसरतो. माझ्यासारख्या भांडकुदळ बाईकडून त्याला फारशी मदत होत नाही, असंही मनात आलं आणि मी मनातल्या मनात हसले. अव्वा मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. तिनं जाणं रद्द केलं, विरजलेलं दही घुसळून टाकलं आणि दोन्ही वेळा आमच्याकडे पाठ करून जेवली.

डॉक्टरांचं खरं सांगणं पुढंच होतं. लस टोचली तरी अंगात ताकद यायला वेळ लागतो आणि जत्रा त्याच्या आधीच येत होती. शिवाय सुरुवातीला एखाद्या मेंढीच्या शेपटीखाली चार फोड असतात, लोकरीत कोणाला दिसत नाहीत, आणि मालक शपथेवर सांगतो की कळप ठणठणीत आहे. असा एक कळप फेरीत घुसला तर सगळ्या तालुक्याच्या मेंढ्यांना एका दुपारीत देवी लागेल. "फेरी ह्या साली नको," ते म्हणाले. देवळातही त्यांनी हेच सांगितलं होतं. तिथं त्यांना चहा मिळाला, मान डोलावून झाली, आणि ते गेल्यावर मांडवाच्या बांबूंची बोलणी पुन्हा सुरू झाली.

अप्पा उठले. ते एडक्याजवळ गेले आणि त्याच्या अंगावरची गोचीड काढत बसले.

त्यानंतरच्या हुमनाबादच्या बाजारच्या दिवशी मी शिकवत असताना दारात घोंगडी दिसली. अप्पा जिना चढून क्लासात आले होते, जन्मात पहिल्यांदा. पोरं उठून उभी राहिली. मी त्यांना आत बोलावलं, पण ते दाराजवळच्या खुर्चीतच टेकले.

"हेच व्हय तुझं चेकपोस्ट?"

मी हो म्हणते न म्हणते, तोच आमचे जुने हेडमास्तर धापा टाकत जिना चढून आले. मला ज्यांनी पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं, मेंढपाळाच्या पोरीला शाळेतून काढू नका म्हणून जे अप्पांच्या पाया पडायलाही तयार होते, ते सर. हातात पेनड्राइव्ह होता. नातीच्या नोकरीचा अर्ज त्यात होता, तो छापून हवा होता आणि खाली बस उभी होती. ते सरळ आतल्या कॉम्प्युटरकडे निघाले. मी आडवी उभी राहिले.

"सर, आधी इथं लावावं लागतं."

"बस सुटायलीय गं."

"कळतं सर. पण आधी इथं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. "तुला अ आ ई मी शिकवलो," ते म्हणाले, "आन मलाच अडवायलीस?" सगळा वर्ग बघत होता. अप्पा बघत होते. मी सरांच्या हातातून पेनड्राइव्ह घेतला आणि चेकपोस्टला लावला. तो जुना डबा कुरकुरत, अडखळत तपासत बसला. खाली हॉर्न वाजला, कंडक्टरची शिट्टी झाली आणि बस निघून गेली. पेनड्राइव्हमध्ये काहीच निघालं नाही. अगदी स्वच्छ होता. मी अर्ज छापून दिला, सरांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरले.

"काय निघालं?" अप्पांनी विचारलं.

"काही न्हाई."

"मंग उगंच अडवलीस की."

माझा पारा चढला. "बघितल्याबिगर कसं कळंल अप्पा? आज सरांना सोडले तर उद्या कुनाला अडवू मी? आन कोन ऐकंल माझं?"

"लाज वाटली तुला?"

"लई वाटली."

"तरी अडवलीस."

ते विचारत नव्हते. त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि बाजारात निघून गेले. त्या दिवशी मला सरांचं वाईट वाटत राहिलं, अप्पा कशासाठी येऊन गेले हे ध्यानातच आलं नाही.

ते कळलं देवळातल्या बैठकीत. जत्रेच्या आधी एक बैठक होते. चिंचेखाली सगळ्या वस्त्यांची जाणती माणसं बसली होती, बायका देवळाच्या भिंतीकडेला. फेरीची वेळ ठरवायचं बोलणं निघालं, तसे अप्पा उठले.

"ह्या साली माझा एडका निघायचा न्हाई."

एकदम गलका झाला. देवाच्या दारात कधी रोग येतो का, असं एकानं विचारलं. अप्पा म्हणाले, "देवाच्या दारात न्हाई येत. दारापोतर जाताना येतंय." मग आमच्या मागोमाग ज्याचा कळप उभा राहायचा, तो गडी उसळून उठला. चांगला धष्टपुष्ट, आवाज खणखणीत. "तुमाला मान नको आसंल तर नका घेऊ अण्णा! दुसऱ्याला द्या! माझा एडका तयार हाय!"

आता इथं खरी गोम होती. अप्पांनी मान सोडला असता तर तो पुढच्या घराकडे गेला असता, फेरी झाली असती आणि अप्पा शहाणे म्हणून आपल्या मेंढ्या घेऊन घरी बसले असते. कोणी त्यांना बोल लावला नसता. अप्पा शांतपणे म्हणाले, "मान माझा हाय. मी कुनाला देत न्हाई. आन मी काढत बी न्हाई."

केवढं बोलले लोक! स्वतः खात नाही आणि दुसऱ्याला खाऊ देत नाही, म्हणाले. लेक शिकली, बापाचं डोकं फिरवलं, म्हणाले. एका म्हातारीनं तर पदर पसरून शाप दिला. यंदा कोणाच्या घरी काही वाईट झालं तर ते आमच्या नावावर जमा, हेही मोठ्यानं बोलून झालं. मी उठायला लागले, तसा अव्वानं माझा दंड धरला. पकड लोखंडी. "बस," ती म्हणाली, "त्यांचं त्यांना बोलू दे." जन्मात एवढी गप्प मी कधी बसले नसेन. अप्पा उन्हात उभे होते आणि कोणालाच उलट बोलत नव्हते. एडक्याचं वाढवणं, झूल, पायरीवरून पुकारलं जाणारं आपलं नाव, हे सगळं त्यांनी तिथं उभ्या उभ्या सोडून दिलं होतं. फेरीच नाही, तर नाव कसलं पुकारायचं? आणि पाळी गेली ती गेलीच. हे त्या माळावर सगळ्यांना कळत होतं, अप्पांना सगळ्यात जास्त.

शेवटी पुजारी उठले. फार म्हातारे होते, दोन माणसांनी धरून उठवावं लागलं. "मानकऱ्याचा शबुद मोडायचा न्हाई," ते म्हणाले. "मेंढ्या देवाकडं येत नसतील तर देव मेंढ्याकडं जाईल."

आणि तसंच झालं. जत्रेच्या दिवशी बिरप्पाची पालखी निघाली आणि कळपाकळपाकडे गेली. डॉक्टर स्वतः पालखीपुढं चालत होते, कपाळाला हळद लावून. कोणी शेताच्या आत पाऊल टाकायचं नाही, मेंढीला हात लावायचा नाही. बांधावर पालखी थांबायची, वारा कुठून आहे ते बघून भंडारा उधळायचा, आणि वाऱ्यावर जेवढा जाईल तेवढा कळपावर पडायचा. आमच्या बांधाशी पालखी आली, ढोल वाजले, तसा तो काळा एडका झुलीसकट उसळू लागला. त्याला धावायचं होतं. अप्पांनी त्याचं शिंग धरून ठेवलं होतं. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. अव्वा रडत होती, मीही रडले. पालखी पुढच्या बांधाकडे गेली आणि अप्पांनी झूल काढून घडी घातली.

जत्रेनंतर आठ दिवसांतच एका सकाळी लांबच्या बांधावरून हाक आली. बैठकीत उसळलेला तोच गडी. आत येत नव्हता, तिथंच उभा होता.

"अण्णा! हितनंच बोलायलाव! माझ्या मेंढ्याला आई आली. मी तुमच्याकडं येत न्हाई, तुमी बी येऊ नका!"

कळप त्याचा, आमच्या मागोमाग उभा राहायचा होता तो. अप्पा बांधाच्या अर्ध्या वाटेवर थांबले. दोघं एवढ्या लांबून ओरडून बोलले, कोकरं किती गेली, डॉक्टर कधी आले, पाणी कुठलं पाजतोस. अव्वानं भाकरी आणि झुणका बांधून दिला. अप्पांनी तो मधल्या दगडावर ठेवला आणि मागं फिरले, मग त्यानं येऊन उचलला. त्याची बरीच कोकरं गेली. फार वाईट वाटलं आम्हाला. पण देवी त्याच्या कळपातच राहिली, पुढं कुठं गेली नाही. मामाला अव्वा भेटली ती पार उन्हाळ्यात, आणि त्यानंही तिला बोल लावला नाही.

पुढच्या साली जत्रा नेहमीसारखी भरली. टोचलेल्या मेंढ्या, नवा मानकरी, त्याचा नवा एडका. आम्ही गर्दीत मागं उभे होतो. पुजाऱ्यांना आता धरून पायरीवर बसवलं होतं, पण आवाज तोच होता. नावं सुरू झाली. प्रत्येक नावाला फेरी काढली, फेरी काढली, आणि माळभर चांगभलं. आजोबांचं नाव आलं, मी अप्पांकडे पाहिलं. त्यांची मान खालीच होती. नावं पुढं सरकत सरकत दोन सालांपूर्वीच्या मानकऱ्यापर्यंत आली. त्यापुढं गेल्या सालचं काही नव्हतं. आता यंदाच्या मानकऱ्याला हाक मारायची आणि ढोल सुरू करायचे, एवढंच उरलं होतं. ढोलवाल्यांनी टिपऱ्या उचलल्या.

पुजाऱ्यांनी हात वर केला. टिपऱ्या थांबल्या. आणि त्यांनी माझ्या अप्पांचं नाव पुकारलं, आजोबांच्या नावासकट, माळाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.

"यानं मेंढरं राखली!"

क्षणभर कोणालाच उमगलं नाही. हे शब्द त्या पायरीवरून कधी कोणी ऐकलेच नव्हते. मग त्या गड्याचा खणखणीत आवाज सगळ्यात आधी आला, "चांगभलं!" आणि त्यामागून सगळा माळ. मी इतकी ओरडले, की शेजारच्या बायका कानावर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. अव्वा पदरानं डोळे पुसत होती. अप्पा तसेच उभे होते, ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले, आणि मान वर.

"लई वरडलीस माय," फेरी सुरू झाल्यावर ते म्हणाले. "घसा बसंल."

बसलाच. दुसऱ्या दिवशी क्लासात माझ्या तोंडून शब्द फुटेना. मॅडम कोणाशी एवढं भांडल्या, म्हणून पोरं विचारत राहिली. मी त्यांना बसायची खूण केली, गरम पाणी प्यायले, आणि फाटक्या आवाजात अप्पांची सगळी गोष्ट सांगितली.